गुरुवारचा नकाशा

माणदेशातल्या आमच्या दोस्तांच्या गटात पुन्हा तोच वाद पेटलाय: जनावरांसाठी छावणी उघडायची, दावणीला चारा पोचवायचा, की पैसे थेट खात्यात टाकायचे? इथे नेब्रास्कात राहणारे काही मराठी मित्र मधूनच चौथी पुडी सोडतात: काहीच देऊ नका, फुकटाची सवय लागते, अमेरिकेतला शेतकरी बघा, कसा स्वतःच्या हिमतीवर उभा आहे!

मी तो बघितलाय. सँडहिल्सच्या गवताळ टेकड्यांमधल्या चेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). माणसं सहा हजारांच्या आत, गायी त्याच्या कितीतरी पट. तिथला रँचवाला, म्हणजे कुरणावर गुरं पाळणारा, वॉशिंग्टनच्या सरकारला मनसोक्त शिव्या घालतो आणि गुरुवारी सकाळी दुष्काळाचा नवा नकाशाही उघडतो. 1999 पासून दर आठवड्याला निघणाऱ्या या नकाशात काउंटीचा रंग कोणता, त्यावर कुरणाच्या नुकसानीची भरपाई ठरते. चराईच्या हंगामात एकदा जरी लाल रंग, म्हणजे अतितीव्र दुष्काळाचा, चढला, तरी तीन महिन्यांचे पैसे, चाराखर्चाच्या 60 टक्के दराने. अर्ज-कागद त्यालाही चुकत नाहीत. पण दुष्काळ 'जाहीर' व्हावा म्हणून मोर्चा काढावा लागत नाही. 2014 च्या कायद्याने ही योजना कायमची केली आहे.

सरकारी पैसा फक्त दुष्काळातच येतो असंही नाही. कुरणाचे भाग पाडून आलटून पालटून चारायला कुंपण, पाइपलाइन, पाण्याची टाकी, सगळ्याला हातभार मिळतो. लाल सेडर तोडायलाही. हे झाड आपल्या वेड्या बाभळीसारखं गवताची जागा खातं. पूर्वी वणवे त्याला आवरायचे, माणसाने वणवे विझवले आणि ते माजलं. आधी काम करायचं, तपासणी होते, मग खर्चाचा ठरलेला वाटा खात्यात. याला तिथे कुणी फुकटेपणा म्हणत नाही. म्हणायचं तर मग सगळ्यांनाच म्हणा.

2019 च्या उन्हाळ्यात माझी आत्या दोन गायी घेऊन छावणीत राहिली. घर कुलपात, आत्या ताडपत्रीखाली. मोठ्या जनावरामागे दिवसाला 90 रुपये, पुढे 100 झाले. पण ते छावणी चालवणाऱ्या संस्थेला. आत्याच्या हाती उसाचं वाढं आणि ओलं शेण. तिला आधीपासून ठाऊक असतं की पाऊस इतका चुकला तर इतके पैसे येणार, तर तिने वैरण जानेवारीतच घेऊन ठेवली असती. माझं म्हणणं एवढंच आहे. रक्कम थोडी असली तरी चालेल, ती आधी कळू द्या.

मात्र अमेरिकेचा नियम जसाच्या तसा उचलू नका. ती भरपाई कुरण स्वतःचं किंवा रीतसर भाड्याचं असेल तरच मिळते. आत्याच्या गावाबाहेरून दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरणारा धनगर त्यात कुठेच बसत नाही. त्याची मेंढरं या गावच्या पडिकात बसतात, त्या गावच्या वावरात खतासाठी बसतात. त्याचं कुरण कुठल्या रंगात दाखवणार?