‘जास्त जुनं ते आधी विका’ म्हणे!

दर सप्टेंबरात ॲपलचं नवं घड्याळ येतं आणि आमच्या परभणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो: "घरात दोन स्मार्टवॉच असतील तर जास्त जुनं ते आधी विका. विकताना घड्याळातूनच रिसेट मारा, सगळे पट्टे देऊन टाका म्हणजे भाव येतो. गिऱ्हाईक नाही भेटलं तर कपाटात ठेवा, अडीनडीला कामाला येतं." खाली वीसेक जणांचे अंगठे. मागे एकदा मीही अंगठा दिला होता, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

"जास्त जुनं ते आधी विका." बैलाचे दात बघावेत तसं हे लोक घड्याळाचं साल बघतात. आमच्या घरात ॲपलचीच दोन घड्याळं: माझं २०१९ चं सिरीज ५ आणि अण्णांचं २०२० चं एसई. मी सिरीज १० घेतलं तेव्हा या दोनपैकी एक काढायचं होतं. मेसेजप्रमाणे सिरीज ५ जायला पाहिजे. पण दोन्हींच्या पोटात चिप एकच, एस५. दोन्ही वॉचओएस १० वर, म्हणजे घड्याळाच्या सॉफ्टवेअरच्या दहाव्या आवृत्तीवर, येऊन थांबली. २०२४ चं वॉचओएस ११ एकालाही मिळालं नाही. म्हणजे एसई वर्षाने लहान असून त्याला अपडेट काही जास्त मिळाले नाहीत. उलट ईसीजी सिरीज ५ मध्ये निघतो, एसईत नाही. मनगट न उचलता टाइम दिसतो तोही सिरीज ५ मध्येच. एसई मुळात स्वस्तात देण्यासाठी काढलेलं, त्यामुळे या गोष्टी त्यात घातल्याच नव्हत्या. दुकानदाराला याचं काही नाही. त्याने साल विचारलं आणि एसईचे पैसे जास्त सांगितले. जास्त पैसे येतात आणि घरातून कमी जातं, तर मी एसईच काढणार ना?

खरा प्रश्न मागे राहिलेलं घड्याळ कोण घालणार हा आहे. अण्णांचं वय अडुसष्ट, माझा जुना आयफोन एक्सआर त्यांच्याकडे, म्हणून ॲपलचं घड्याळ त्यांना चालतं. त्यांच्याकडे अँड्रॉइड फोन असता तर दोन्ही घड्याळं त्यांच्यासाठी बिनकामाची होती आणि हा सगळा हिशेबच बदलला असता. ईसीजीलाही डोक्यावर घेऊ नका. त्यात ठोक्यांची एक ठराविक अनियमितता कळते, हार्ट अटॅक कळत नाही. छातीत दुखलं तर मनगट बघत बसायचं नसतं, दवाखाना गाठायचा. माणूस पडला तर घड्याळ ओळखतं, ते दोन्हींतही आहे. पण आमची दोन्ही साधी जीपीएसवाली, म्हणजे स्वतःचं मोबाइल नेटवर्क नसलेली, घराबाहेर फोन जवळ असेल तरच मदतीला कॉल जाणार. आणि अण्णा शेतात गेले की सदरा बाभळीला अडकवतात, फोन सदऱ्याच्या खिशात. त्यासाठी घड्याळ बदलून उपयोग नव्हता, सदऱ्यावरून मात्र दोनदा भांडण झालं.

जुन्याच्या विरोधात एक मुद्दा खरा आहे, तो मेसेजवाल्याने लिहिलाच नाही: बॅटरी. हजार वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळच्या ८० टक्के क्षमता राहावी असा ॲपलचा हिशेब. रोज चार्ज लावणाऱ्याचे हजार पावणेतीन वर्षांत होतात. सेटिंगमध्ये बॅटरीच्या आत तिच्या तब्येतीचा आकडा दिसतो, विकायचं ठरवण्याआधी तो बघा. माझ्या सिरीज ५ चा ७९ निघाला, एसईचा ८४. अण्णांना सिरीज ५ देताना कायम चालू राहणारी स्क्रीन बंद करून दिली, आता संध्याकाळपर्यंत टिकतं.

"घड्याळातूनच रिसेट मारा." इथे मी स्वतः हात पोळून घेतलाय. सिरीज ३ असंच रिसेट मारून जालन्याच्या एका पोराला विकलं. दुसऱ्या दिवशी फोन: "दादा, हे तुमचा आयडी मागायलंय." घड्याळातून रिसेट मारलं की डेटा जातो, ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मालकाचा ॲपल आयडी दिल्याशिवाय न उघडणारं कुलूप, तसंच राहतं. आपल्या आयफोनवरच्या वॉच ॲपमधून अनपेअर करायचं, म्हणजे घड्याळाची फोनशी असलेली जोडणी तोडायची. त्यात लॉकही निघतं आणि फोनवर बॅकअपही पडतो. आयफोन आधीच विकला असेल तर आयक्लाउडवर जाऊन ते घड्याळ आपल्या खात्यातून काढता येतं. पोराची मी फोनवर माफी मागितली. त्याने हजार रुपये परत मागितले, ते दिले.

पट्टे? चार्जर द्या, पट्टा एखादा द्या. जुन्या ४४ मिलिमीटरच्या घड्याळाचे पट्टे नव्या ४६ च्या घड्याळाला बसतात, दुकानदार त्यांचे वेगळे पैसे देत नाही.

राहिलं कपाट. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात काय होत असेल ते हात लावल्यावर कळतं. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी तशीच पडून राहिली तर पुन्हा उठेलच असं नाही. ठेवायचंच असेल तर अर्धं चार्ज करून, बंद करून, घरातल्या थंड जागी ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा अर्ध्यावर आणा. एवढं कोण करतं? माझ्या मेव्हण्याचं "अडीनडीचं" घड्याळ दिवाळीत काढलं, तासभर चार्जरवर ठेवलं, काटा नाही की लाइट नाही. दुकानात नेलं तर कोणी दोनशेलाही हात लावेना.

एसई मी त्याच आठवड्यात दिलं. अण्णा अजून कुरकुरतात: "आधीचं काय वंगाळ व्हतं? टाइम तर तेवढाच दाखवत व्हतं की."