काका, चोचले म्हणालात ते मान्य, पण…

काका (तुम्ही वय ६८ लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, चालेल ना), तुमची कमेंट वाचली आणि वाटलं याला खाली दोन ओळी टाकून मोकळं होणं बरं दिसणार नाही, म्हणून हे जरा लांबण लावतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: चारचौघांत अनवाणी चालायची लाज कशी घालवायची यावर मी लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, आम्ही शाळेत अनवाणी गेलो कारण चप्पल घ्यायला पैसे नव्हते, देवासाठी कोणी अनवाणी राहिलं तर समजू शकतो पण उगाच लोकांच्या थुंकीतून चालायचं म्हणजे निव्वळ दिखावा. आणि वर त्यांची १४ वर्षांची नात माझं वाचून सोसायटीत बिनचपलेची फिरायला लागलीय, ते वेगळंच.

तर चोचल्यांबद्दल आधी. माझ्याकडे चार जोड पडलेत म्हणून मी एक दिवस काहीच न घालता बाहेर पडू शकते, हे खरंय. २०१८ च्या मार्चमधे नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला आले तेव्हा त्यांच्या सोललेल्या, फोड आलेल्या तळपायांचे फोटो सगळ्यांनी बघितले आणि मुंबईतल्या लोकांनी चपला आणून दिल्या. तिथे जाऊन कोणी अनवाणी चालण्याचे फायदे सांगायला लागलं असतं तर मीच त्याला हाकललं असतं. आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांना वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागायच्या, त्या घरातल्या माणसाला 'लाज सोडा, चपला काढा' सांगायची माझी टापच नाही. मी लिहिलं ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना पायाला माती लागलेली आवडते पण शेजारचे काय म्हणतील म्हणून गेटपर्यंत जाऊन परत येतात.

पण काका, ही लाज येते कुठून ते बघा ना, ती तुमच्याच गोष्टीतून येते. अनवाणी माणूस दिसला की बघणाऱ्याच्या डोक्यात पहिलं येतं की बिचाऱ्याकडे पैसे नसतील, मग येतं की डोक्यावर परिणाम झालाय, मग नवस असेल. आमच्या कोपऱ्यावर चप्पल शिवणारे एक मामा बसतात, त्यांनी मला लांबून हाक मारली, 'ताई तुटली का, द्या, लगेच शिवतो', आणि मी म्हटलं तुटली नाही, अशीच चाललेय, तर ते माझ्या पायांकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायला लागले! लोकांना पाय खटकत नाहीत हो. कारण न सांगता पाय उघडे ठेवलेत हे खटकतं.

पटत नसेल तर नवरात्र आठवा. नऊ दिवस कितीतरी बायका, कॉलेजची पोरंपोरी अनवाणी असतात, लोकलने जातात, ऑफिसात जातात, कोणी हूं का चूं करत नाही, उलट कौतुक होतं. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला लोकं चालत जातात, त्यात किती जण अनवाणी असतात. थुंकी तेव्हाही तीच असते ना रस्त्यावर? दसरा झाल्यावर तीच बाई त्याच प्लॅटफॉर्मवर अनवाणी उभी राहिली की मात्र लोक टकमक बघणार. आणि एरवी तरी आपण मराठी माणसं अर्धा दिवस अनवाणीच असतो की, घरात, देवळात, मंगल कार्यालयात, गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात सुद्धा 'चपला बाहेर काढा' अशी पाटी असते. उंबऱ्याच्या आत ते सोवळं आणि बाहेर एक पाऊल टाकलं की लाज, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

दिखाव्याचं म्हणाल तर एम. एफ. हुसेन आठवतात. जन्म पंढरपूरचा. कवी मुक्तिबोध १९६४ मधे गेले, त्यांच्या अंत्ययात्रेपासून हुसेननी चपला सोडल्या असं सांगतात. एवढा मोठा चित्रकार, पण १९८८ मधे मुंबईच्या विलिंग्डन क्लबात अनवाणी आहेत म्हणून त्यांना आत घेतलं नाही. त्यांना दिखाऊ म्हणणारेही होतेच, म्हणोत बापडे, त्यांनी काही बूट घेतले नाहीत.

आता, मी चपलेच्या विरोधात आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला १९६० च्या ऑलिंपिकला रोममधे अनवाणी मॅरेथॉन जिंकला आणि १९६४ ला टोकियोत बूट घालून जिंकला, मला दोन्ही आवडतं. ऑफिसला मी गपचूप बूट घालून जाते. आणि दुपारी एप्रिलच्या डांबरावर पाय टाकायचा मूर्खपणा मी कोणाला सुचवणार नाही, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे त्यातल्या त्यात कमी भाजतात एवढंच.

नातीचं काय करायचं विचारलंत ना, अडवू नका, पण सांगून ठेवा. सुरुवात सकाळी करायची, आधी कोबा, मग पेव्हर ब्लॉक, मग डांबर, खडीच्या वाटेला एवढ्यात जायचं नाही. चपला पिशवीत ठेवायच्या, हातात नाही, हातात दिसल्या की दहा जण विचारणार. कोणी विचारलंच तर 'अशीच' एवढंच म्हणायचं, नवसाची थाप मारायची नाही, एकदा मारली की दरवेळी देव शोधावा लागतो. नजर चार पावलं पुढे ठेवायची, काचा दिसतात. पावसात साचलेल्या पाण्यात अजिबात नाही, पायाला चीर असेल तर लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणाऱ्या तापाचा) धोका खरा आहे. जिथे लोक उघड्यावर बसतात तिथल्या ओल्या मातीतही नाही, अंकुशकृमी तळपायाच्या कातडीतून आत शिरतात. आणि टीडीचं (धनुर्वात आणि घटसर्पाचं) इंजेक्शन १० व्या वर्षी झालंय का ते कार्डावर बघा, पुढचं १६ व्या वर्षी असतं.

राहिलात तुम्ही. शुगर आहे आणि डॉक्टरांनी घरातही चप्पल घालायला सांगितलंय असं लिहिलंत, तर डॉक्टर शंभर टक्के बरोबर आहेत, तिथे माझं काहीएक ऐकू नका. शुगरमधे पायाची जाणीव कमी झाली तर खिळा लागलेला सुद्धा कळत नाही आणि जखम चिघळते. नातीबरोबर सकाळी फिरायला जरूर जा, फक्त बूट घालण्याआधी आत हात घालून खडाबिडा नाही ना बघा, आणि रात्री तिच्याकडून दोन्ही तळपाय नीट बघून घ्या.