२५० ग्रॅमखाली सगळं माफ? कोणी सांगितलं?

पुण्यातल्या ट्रेकिंगच्या, फोटोग्राफीच्या आणि लग्नाच्या शूटवाल्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. मेसेज असा की ड्रोन २५० ग्रॅमच्या आत असेल तर कुठलाच नियम नाही, कुठेही उडवा. मोठा असेल तर जवळच्या पोलीस चौकीत अर्ज टाका की झालं. स्वतःच्या जागेत उडवायला कुणाला विचारायची गरज नाही, लायसन्स फक्त कंपन्यांना लागतं, दुबईहून आणला असेल तर बिल जपून ठेवा, आणि पकडलंच तर समज देऊन सोडतात. खाली 'जनहितार्थ'. पूर्ण खोटं असतं तर कोणी पुढे ढकललं नसतं, पण यात मधेमधे खरं पेरलंय ना, तिथेच लोक फसतायत.

पहिलं ते २५० ग्रॅम. आत्ताचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ चे आहेत, त्यात २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन म्हणजे नॅनो. नॅनोला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलची सरकारी मान्यता, नको, रिमोट पायलट सर्टिफिकेट नको, थर्ड पार्टी इन्शुरन्स नको. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण नोंदणी करून यूआयएन, म्हणजे ड्रोनचा ओळख क्रमांक, घ्या असं जिथे लिहिलंय तिथे नॅनोला सूट लिहिलेली नाहीये. फॉर्म डी-२ भरायचा, फी १०० रुपये, एवढ्यासाठी कशाला जीव खालीवर करायचा. आणि कुठे उडवायचं याचे नियम तर वजन बघतच नाहीत, लोहगावला उतरणाऱ्या विमानाच्या पायलटला समोरचा ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे की दोन किलोचा याच्याशी काय घेणंदेणं?

आणि हे २४९ सुद्धा बॉक्सवरचं. नियमात वजन धरतात ते उडताना ड्रोनबरोबर जे जे वर जातं त्या सगळ्याचं. म्हणजे प्रोपेलर गार्ड लावले, लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर चढवला, जास्त वेळ चालते म्हणून मोठी बॅटरी घातली की काटा सहज २५० च्या वर जातो आणि तुमचा नॅनो झाला मायक्रो, म्हणजे त्याच्या वरचा गट, मग इन्शुरन्स, टाइप सर्टिफिकेट आलंच. एकदा सगळी ॲक्सेसरी लावून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघाच.

आता "स्वतःच्या जागेत" वाला मुद्दा, पुण्यात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सातबारा जमिनीचा असतो हो, वरच्या हवेचा नाही. सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी वेबसाइटवर देशाचा नकाशा टाकला, लाल (केंद्राच्या परवानगीशिवाय बंद), पिवळा (परवानगी घेऊन), हिरवा (परवानगी नको). विमानतळापासून ५ किलोमीटरपर्यंत लाल, ५ ते ८ मध्ये जमिनीपासूनच पिवळा, ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा आणि त्यावर पिवळा, आणि त्याच्या बाहेर दुसरं काही बंधन नसेल तर ४०० फुटांपर्यंत हिरवा. हे अंतर टर्मिनलच्या दारापासून मोजत नाहीत, विमानतळाच्या हद्दीपासून मोजतात, आणि लोहगाव हा मुळात एअर फोर्सचा तळ असल्यामुळे ती हद्द केवढी पसरलीय ते विश्रांतवाडी-धानोरीच्या लोकांना सांगायला नको. म्हणजे विमाननगरमधली तुमची गच्ची तुमच्या नावावर असली तरी वरचं आकाश लाल. लाल झोनची परवानगी फक्त केंद्र सरकार देतं, ती काय पोराच्या वाढदिवसाच्या व्हिडिओसाठी मिळणारे का.

त्यात आपलं पुणे पडलं लष्कराचं गाव. खडकीला दारूगोळा कारखाना, देहूरोडला ऑर्डनन्स फॅक्टरी, पाषाणला एआरडीई ही शस्त्रास्त्रांची प्रयोगशाळा, सुतारवाडीला एचईएमआरएल ही स्फोटकांची. खडकवासल्याला चौपाटीवर कणीस खाता खाता लोक ड्रोन सोडतात, पाण्यावरून एक मस्त शॉट घेऊ म्हणतात, आणि पलीकडचा हिरवागार किनारा म्हणजे एनडीए, लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी. त्यामुळे कोथरूड-वारजे विमानतळापासून लांब आहे म्हणून बिनधास्त राहू नका, उडवायच्या आधी नकाशा बघायचाच. प्रत्येक वेळी बघायचा, कारण झोन बदलतात, आणि उडवण्याआधी तो तपासणं नियमातच सक्तीचं आहे.

हिरव्यात मात्र खरंच परवानगी लागत नाही. फक्त ती मोकळीक आकाशापुरती. शनिवारवाडा, लोहगड ही पुरातत्त्व खात्याची स्मारकं, तिथे त्या खात्याची परवानगी वेगळी. ताम्हिणीच्या अभयारण्यात वनखातं. नकाशा हिरवा दाखवत होता हे उत्तर गार्डला देऊन उपयोग नाही.

पोलीस चौकीचा अर्ज. पोलीस ड्रोन बंद करू शकतात, पण लाल झोन उघडून देणं त्यांच्या हातात नाही. पिवळ्या झोनची परवानगी एअर ट्रॅफिक कंट्रोलकडून लागते, आणि लोहगावला ते एअर फोर्सकडे आहे. बंद करायचे अधिकार मात्र भरपूर आहेत, एसपी किंवा त्या दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल झोन जाहीर करू शकतो, शिवाय पोलीस आयुक्तालय बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुनं १४४, मनाई आदेश काढू शकतं. व्हीआयपी दौरा, मोठा बंदोबस्त असला की हे बघून घ्यायचं. २०२४ च्या पावसाळ्यात जिल्ह्यातल्या गावागावांत रात्री ड्रोन दिसतात म्हणून किती घबराट झाली होती आठवतंय ना, तेव्हापासून तर मी हिरव्या झोनमध्येही स्थानिक पोलिसांच्या कानावर घालतो. नियम म्हणून नाही, गावकऱ्यांनी काठ्या घेऊन घेरलं तर नकाशा कोण बघणार?

लायसन्सचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२२ पासून लायसन्स हा प्रकार गेला, आता रिमोट पायलट सर्टिफिकेट, वय १८ ते ६५, दहावी पास आणि डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने मान्यता दिलेल्या संस्थेत ट्रेनिंग. दोन किलोपर्यंतचा मायक्रो हौस म्हणून उडवत असाल तर नको. पैसे घेऊन लग्न शूट केलं की तो धंदा, मग तुम्ही एकटेच असा नाहीतर कंपनी असा, मायक्रोलाही सर्टिफिकेट पाहिजे.

दुबईचं बिल हा तर सगळ्यात भारी विनोद. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, सुटे करून आणलेले सुद्धा, फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी सूट. पार्ट्स चालतात. बिलाने एवढंच सिद्ध होतं की तुम्ही तो बाहेरून विकत घेतला, म्हणजे आपणच आपल्या हाताने पुरावा दिला. सेकंडहँड घेताय तर आधी यूआयएन मागा आणि तो डी-३ फॉर्मने आपल्या नावावर करून घ्या, नुसता रिमोट आणि चार्जर घेऊन घरी येऊ नका.

राहिलं "समज देऊन सोडतात". नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत आहे, आणि मनाई आदेश मोडला तर बीएनएस, म्हणजे नव्या दंडसंहितेच्या, कलम २२३ चा गुन्हा वेगळा. आणि ड्रोन कुणाच्या डोक्यावर, गाडीवर पडला तर ४८ तासांत डीजीसीएला कळवावं लागतं, याबद्दल त्या जनहितार्थ मेसेजमध्ये एक ओळ नाही.