आठच का, अकरा का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. रीफ टँकची, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) वाढवायच्या पेटीची, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता; डीकेएच हे तिचं एकक) 8 डीकेएचवर ठेवा हा माझ्या लेखातला सल्ला तुम्हाला भित्रा वाटला. तुमचा टँक दोन वर्षं 11 वर चालला आहे आणि कोरल झपाट्यानं वाढत आहेत. शिवाय तुम्ही विचारलंत, की समुद्राचाच दाखला द्यायचा तर तिथे साधारण 7 असते, मग हे 8 आणलं कुठून?

आधी माझी चूक मान्य करते. '8 ठेवा' असं मी सरसकट लिहायला नको होतं. हा आकडा ज्या टँकमध्ये नायट्रेट आणि फॉस्फेट (माशांच्या विष्ठेतून आणि खाण्यातून पाण्यात येणारी पोषकद्रव्यं) जवळजवळ शून्य आहेत आणि ॲक्रोपोरासारखे नाजूक कोरल आहेत, त्यांच्यासाठी आहे. तुमच्या प्रतिक्रियेत अगदी शेवटी एक ओळ आहे: मासे भरपूर, दिवसातून तीनदा खाणं, नायट्रेट 15 च्या आसपास. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण तुम्हाला 11 का मानवते हे मला त्या ओळीनंच कळलं.

अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट, कोरलला सांगाडा बांधायला लागणारा माल. माल मुबलक असला की बांधकाम भराभर होतं, हे तुमचं निरीक्षण खरंच आहे. पण सांगाड्यावर जिवंत ऊतीचा थर चढायचा तर नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतात. पाण्यात तेच तुटपुंजे आणि अल्कलिनिटी मात्र उंच, अशा टँकमध्ये ॲक्रोपोराची टोकं पांढरी पडून मरतात. आपल्यात याला 'टोकं जळाली' म्हणतात. सांगाडा पुढे पळतो आणि ऊती मागे राहते, असा याचा अर्थ बहुतेक जण लावतात, आणि मी जे पाहिलं ते त्याच्याशी जुळतं.

माझा 200 लिटरचा टँक वर्षभर 8 वर छान चालला होता. नायट्रेट टेस्ट किटवर दिसतही नव्हतं आणि मला त्याचा अभिमान होता. वाढ लवकर व्हावी म्हणून आठवड्याभरात मी अल्कलिनिटी साडेदहावर नेली. तिसऱ्या आठवड्यात दोन ॲक्रोपोरांची टोकं गेली. त्याच टँकमधल्या मऊ कोरलांना काहीच झालं नाही. म्हणूनच कोणी आपला आकडा सांगितला की मी आधी विचारते, टँकमध्ये आहे काय काय?

आता समुद्राचं. तिथे 7 टिकते, कारण पाणी अफाट आहे. आपल्या पेटीत दगडी कोरलांची दाटी झाली की दिवसाला 1 ते 2 डीकेएच सहज खर्च होते. 7 वर चालणाऱ्या टँकचा डोसिंग पंप (खर्च झालेली अल्कलिनिटी थोडी थोडी भरून काढणारा) एक दिवस बंद पडला तर संध्याकाळी तुम्ही साडेपाचवर असता. 8 मध्ये तेवढी उसंत मिळते, बस. वरच्या टोकालाही धोका आहे. 11-12 वर, विशेषतः मॅग्नेशियम कमी असेल तर, हीटरवर आणि पंपांच्या पंख्यांवर कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसू लागतो. अशी वाया गेलेली प्रत्येक 1 डीकेएच लिटरमागे साधारण 7 मिलिग्रॅम कॅल्शियमही घेऊन जाते. तुमचं हीटर एकदा बाहेर काढून बघा.

आकड्याहून मला जास्त भीती वाटते ती हेलकाव्यांची. दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त बदल नको, मी तर अर्ध्यावरच थांबते. आणि हा हेलकावा बऱ्याचदा सॉल्ट मिक्समधून, म्हणजे टँकचं खारं पाणी बनवायच्या तयार मिठातून, येतो, तिकडे लक्षच जात नाही. काही मिक्स 7 ला तयार होतात, काही 12 ला. 8 च्या टँकमधलं निम्मं पाणी 12 च्या पाण्यानं बदललंत तर तासाभरात 10! म्हणून नवं पाणी ओतण्याआधी ते तपासायचं. टँकचं पाणी रोज एकाच वेळी तपासायचं, कारण दिवे चालू असताना कोरल सांगाडा जास्त बांधतात आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे वेगळे येतात.

डोस किती, हे तुम्ही विचारलं होतंत. दोन-तीन दिवस डोस न देता रोज किती घट होते ते लिहून ठेवा. फार खाली जातेय असं दिसलं तर एका दिवसावर थांबा. 100 लिटर पाण्यात 1 डीकेएच वाढवायला साधारण 3 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तो विरघळवून, जिथे प्रवाह जोराचा आहे तिथे, थोडा थोडा ओता.

तुमचा टँक आज आहे तसा ठीक आहे, 11 वरून खाली आणा असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या महिन्यात कार्बन डोसिंग (नायट्रेट खाणारे जिवाणू वाढावेत म्हणून पाण्यात सेंद्रिय कार्बन घालणं) सुरू करून नायट्रेट शून्यावर आणायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंत. तिथे मात्र थांबा. आधी डोस कमी करत, दिवसाला अर्ध्या डीकेएचहून जास्त न उतरू देता, अल्कलिनिटी 8 ते साडेआठवर आणा. तिथे दोन आठवडे ती स्थिर राहिली की मग नायट्रेटला हात घाला, आणि तेही पूर्ण शून्यावर नेऊ नका. क्रम उलटा झाला तर माझ्या ॲक्रोपोरांचं झालं तेच तुमच्या दोन वर्षांच्या कोरलांचं होईल.

लेखातलं ते वाक्य आजच बदलते आहे.