घाईत असलेल्या भावी वकीलसाहेबांस

काळा कोट टेलरकडे टाकला की आठवड्याभरात शिवून मिळतो. पांढरे बँड तर तयारच मिळतात. मग एलएलबीची मधली तीन वर्षं कशाला, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी आपल्या कोल्हापुरानं चाळीस वर्षांहून जास्त मोर्चे काढले, उपोषणं केली, कामं बंद ठेवली. अखेर १८ ऑगस्ट २०२५ ला बेंच सुरू झालं. आता थांबायची कुणाची तयारी नाही. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आपण, अशा सहा जिल्ह्यांची कामं भाऊसिंगजी रोडवर येऊन पडली असताना तुम्ही कॉन्ट्रॅक्टच्या लेक्चरला बसायचं? छे, छे.

आधी सरळ हिशेब. बारावीनंतर थेट गेलात तर पाच वर्षं. पदवी घेऊन गेलात तर तीन अधिक तीन, सहा. म्हणजे कायदेशीर मार्गानं वाचतं ते एक वर्ष, आणि तेही बारावीलाच ठरवलं तर. पण शॉर्टकट शोधणारा माणूस सहसा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला जागा होतो, त्यामुळे ही वाट तुमच्यासाठी बंद. पदवीला निदान ४५ टक्के आहेत ना, तेवढं पाहून घ्या (ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०). ४४.२ असतील तर सीईटीला कितीही मार्क पडले तरी उपयोग नाही. बारावीला वळसा घालून थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर बार कौन्सिलचे (वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे) नियम शांतपणे वाचा, म्हणजे झोप उडेल. आणि सीए, सीएस किंवा एमबीए झालोय म्हणून थेट दुसऱ्या वर्षाला बसवा, असं म्हणायला जाऊ नका. मधूनच आत शिरायला आणि मधूनच बाहेर पडायला २००८ च्या नियमांनी बंदी घातली आहे. पोस्टानं, ऑनलाइन, रविवारच्या रविवार असली एलएलबीसुद्धा सनदेसाठी (वकिलीच्या परवान्यासाठी) चालत नाही. ‘घरबसल्या वकील व्हा’ असा मेसेज आला तर घरी बसता येईल, एवढंच खरं.

आता हजेरी. नियमात सत्र कमीत कमी पंधरा आठवड्यांचं आणि आठवड्याला तीस तासांचं आहे. म्हणजे सत्राला ४५० तास. त्याचे सत्तर टक्के ३१५, आणि सहा सत्रांचे १,८९०. हा आकडा छातीवर येतो, म्हणून त्याच्याकडे बघायचंच नाही. मित्राला सही ठोकायला सांगायचं. अडचण एवढीच की मित्रही तुमच्याच विचारांचा असतो, आणि तुम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर मिसळीच्या दुसऱ्या कटापर्यंत पोचलेले असता. आणखी एक मेख आहे. सत्तर टक्के प्रत्येक विषयात लागतात. कॉन्स्टिट्यूशनला नव्वद आणि प्रॉपर्टीला पंचावन्न असेल तर सरासरी काढून प्राचार्यांपुढे नाचवू नका. अपवादात्मक कारण असेल तर त्यांना एखाद्या विषयात ६५ टक्के हजेरीही चालवून घेता येते, पण तेव्हाही सगळे विषय मिळून सत्तर भरावे लागतात, आणि अशा सवलतवाल्यांची नावं बार कौन्सिलला कळवायची असतात. मामेबहिणीच्या दिराचं लग्न अपवादात्मक कारणात बसत नाही. जोतिबाची यात्राही बसत नाही, गुलाल कितीही अंगावर असला तरी.

पुस्तकांवर खर्च करू नका. सीनियरकडून जुनं गाईड अर्ध्या किमतीत घ्या. २०२३ चं मिळालं तर उत्तमच, त्यात खुणा करून ठेवलेल्या असतात. त्यात खून म्हणजे ३०२ आणि फसवणूक म्हणजे ४२०, गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असलेलं. १ जुलै २०२४ पासून ५११ कलमांची दंडसंहिता गेली आणि ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली, हे त्या गाईडला कुणी सांगितलेलं नसतं. आता खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे आणि चारसोबीस ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये जाऊन बसला आहे. नव्या संहितेत ३०२ उघडाल तर धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं बोललेले शब्द निघतात, शिक्षा एक वर्षापर्यंत. म्हणजे जुन्या गाईडावर विसंबून तुम्ही खुनाच्या आरोपीची जन्मठेप एका वर्षावर आणू शकता. आरोपीचे नातेवाईक तुमच्यावर खूश होतील, पण परीक्षक नाही. आणि म्हणून जुनं पुस्तक रद्दीत घालाल तर तेही जमत नाही, कारण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं. घाईतल्या माणसाला एकाऐवजी दोन कायदे पाठ करायला लावणारा हा काळ आहे, तुमचं नशीब.

प्रॅक्टिकलचा विषय मात्र खास तुमच्यासाठी केल्यासारखा आहे. मूट कोर्टला (कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्याला) तीस गुण, एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले पाहून लिहिण्याला तीस, पक्षकाराची मुलाखत, खटल्याची तयारी आणि इंटर्नशिपची डायरी याला तीस, तोंडीला दहा. यातला खटले पाहण्याचा भाग म्हणजे दिवसभर लाकडी बाकावर बसून साक्षीदार ‘आठवत नाही’ म्हणताना ऐकणं. ते कशाला? सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरची फाईल आणायची, एक निळा पेन घ्यायचा आणि पहाटे तीनपर्यंत बारा तारखांचं कामकाज उतरवायचं. एकच पेन, एकच शाई, एकच तिरपं होत गेलेलं अक्षर. पहिल्या तारखेचं ‘मा. न्यायाधीश’ टपोरं, बाराव्या तारखेचं मुंगीएवढं. तारखा कॅलेंडर बघून टाकाव्यात. नाहीतर सरतपास रविवारी आणि उलटतपास दुसऱ्या शनिवारी निघतो.

सीनियर फार जुना असेल तर त्याच्या फाईलीत ‘भाऊसिंगजी रोडवरील जिल्हा न्यायालयात’ असं असतं. तुम्ही ते तसंच उतरवता. जिल्हा न्यायालय कधीच कसबा बावड्याला गेलं आहे, आणि सीपीआर दवाखान्यासमोरच्या त्या जुन्या इमारतीत आता हायकोर्ट बसतं. म्हणजे तुमच्या डायरीप्रमाणे कोडोलीच्या दोन भावांच्या बांधाचा दावा पहिल्यापासून हायकोर्टातच चालला आणि साक्षीपुरावाही तिथंच झाला. तोंडी परीक्षेला समोरचे साहेब चष्मा कपाळावर सरकवून फक्त एवढंच विचारतात, ‘तुम्ही कोर्टात कुठल्या दारातनं आत गेला होता?’ दहा गुण तिथंच जातात.

इंटर्नशिपचंही तसंच. तीन वर्षांच्या कोर्सला कमीत कमी बारा आठवडे, आणि सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, म्हणजे एकाच उन्हाळ्यात उरकता येत नाही. ओळखीच्या वकीलसाहेबांची सही मिळते हो. निशाणी पाच म्हणजे काय, ते सहीबरोबर मिळत नाही. (दाव्यातला तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आपल्याकडच्या कोर्टात हा आकडा ऐकून जो ‘पाच कशाचे?’ विचारतो, त्याला पुढचे दोन महिने चहा सांगायला पाठवतात.)

अमेरिकेत तीन वर्षांची जेडी (तिथली वकिलीची पदवी) उन्हाळ्याच्या सुट्ट्या खाऊन दोन वर्षांत देणारी काही कॉलेजं आहेत. चोवीस महिन्यांच्या आत मात्र तिथंही नाही. आणि ती पदवी घेऊन परत आलात तर आधी ते विद्यापीठ बार कौन्सिलच्या यादीत हवं, मग इथली पात्रता परीक्षा वेगळी. विमानाचं तिकीट धरलं तर हे घाईचं काम होत नाही.

सगळ्यात जलद मार्ग म्हणजे पदवी विकत घेणं. प्रवेश परीक्षा नाही, हजेरी नाही, मागच्या तारखेचं मार्कलिस्ट कुरिअरनं घरपोच. सनद देताना पदवी विद्यापीठाकडून पडताळून घेतात, आणि खोटं बोलून मिळवलेली नोंद पुढे कधीही काढून टाकता येते. पडताळणी चुकवायला सनदच नको म्हणालात, नुसताच कोट घालून उभा राहतो म्हणालात, तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या ४५ व्या कलमात तुमच्यासारख्यांची सोय केली आहे: सहा महिन्यांपर्यंतचा निवासी अभ्यासक्रम. राहणं-जेवण मोफत, कळंब्याच्या जेलात, आणि हजेरी शंभर टक्के. खोट्या कागदाची कलमं वेगळी, त्यांची मुदत जास्त.

समजा, सरळ वाटेनं पास झालात. सनदेची फी सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये ७५० रुपयांवर आणून ठेवली आहे, तिथं खरंच सवलत मिळाली. मग ऑल इंडिया बार परीक्षा: शंभर प्रश्न, चूक उत्तराला गुण कापत नाहीत, बेअर ॲक्ट (टिपा नसलेली कायद्याची पुस्तकं) आत नेता येतात, पास व्हायला ४५ (अनुसूचित जाती-जमातींना ४०). पुस्तक उघडून परीक्षा म्हटल्यावर तुम्ही बॅग भरून जाणार. एका प्रश्नाला जेमतेम दोनेक मिनिटं येतात. ज्यानं तीन वर्षांत बेअर ॲक्ट उघडलेलाच नाही, त्याला अनुक्रमणिका सापडेपर्यंत पुढचे दोन प्रश्न गेलेले असतात. न्यायाधीशच व्हायचं म्हणता? मे २०२५ पासून तिथं पुन्हा तीन वर्षांच्या वकिलीची अट आली आहे. घाई करून वाचवलेलं वर्ष तिथं धरत नाहीत.

शेवटी पहिलं स्वतंत्र काम येतं. मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी, न वटलेला चेक, दोन लाख ऐंशी हजार. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची, ती तुम्ही दुसऱ्याच दिवशी दिलीत. शाब्बास. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला समोरच्याला पंधरा दिवस, आणि ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. पण तुम्ही झटपट वकील. तेराव्याच दिवशी बावड्याला जाऊन फिर्याद दाखल करून मोकळे. पंधरा दिवस संपण्याआधीची फिर्याद चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच सांगून ठेवलंय, समोरच्या वकिलांनी ते वाचलंय, आणि ते वर्षभर गप्प बसून युक्तिवादाच्या दिवशीच बोलणार आहेत. तोवर दर तारखेला व्यापारी गुळाची ढेप घेऊन येईल आणि विचारेल, ‘साहेब, अजून किती?’ ढेप ठेवून घ्या.