मी, 'इतर'

पोटऱ्या अजून ठणकतायत, म्हणून लिहितोय. विद्यार्थ्यांचं भलंथोरलं अधिवेशन, आणि आमच्या पोरांना घेऊन गेलेला मी. गळ्यातल्या बिल्ल्यावर माझं नाव बारीक आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'इतर'.

बाटली भरायला उठलो. परत येतो तर माझ्या खुर्चीवर एक बॅग. शेजारी एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, हातात वॉकीटॉकी, छातीवर 'समन्वयक'.

"मी इथे बसलो होतो."

"सर, ही रांग लीडरशिप टीमसाठी रिझर्व्ह केलीय."

"कधी?"

"आत्ता."

"टीम कुठेय मग?"

त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "टीम, लोकेशन?" नुसती खरखर आली. ती त्याने मान डोलावत नीट ऐकून घेतली. "येतेय."

"ती येईपर्यंत बसतो."

"नको सर, चुकीचा पायंडा पडेल."

पायंडा! एवढ्या संवादात एकच अस्सल मराठी शब्द सापडला, तोही माझ्यावर वापरायला. मग त्याने माझा बिल्ला हातात धरला, त्यामागोमाग मीही थोडा ओढला गेलो, आणि वाचून त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, तुम्ही 'इतर' का काका!" सरांचा काका व्हायला बिल्ला वाचण्याइतकाच वेळ लागला. "इतरांची मागे मस्त सोय आहे."

मागे भिंत होती.

भिंतीला टेकून व्याख्यान ऐकलं. विषय सेवाभावी नेतृत्व. नेता हा आधी सेवक असतो, ही कल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९७० साली मांडली, असं वक्ते सांगत होते. टाळ्यांचा कडकडाट. बॅग शेवटपर्यंत आरामात बसून होती. प्रश्नोत्तरांत एका मुलीने सहवेदना कशी वाढवावी असं विचारलं. तिचे बूट पुढच्या खुर्चीवर होते. आम्ही त्या वयात फार गुणी होतो असं नाही, मास्तरांच्या नकला करण्यात आमची हयात गेली. पण त्याबद्दल नेतृत्वाचं प्रमाणपत्र मागत नव्हतो. दीड तास उभं राहिल्यावर माणूस असा कडवट होतो. होऊ दे.

शेवटी फोटोसाठी खुर्च्या हलवायच्या होत्या. मॅक्स रिंगलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ मध्ये ते छापून आलं. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर जवळपास निम्म्यावर येतो. आठांची ही गत, आणि इथे चाळीस समन्वयक! आमच्या पठ्ठ्याने वॉकीटॉकीवर हुकूम सोडला, "खुर्च्या हलवा." उरलेल्यांनी तो एकमेकांना कळवला. नेतृत्व एका क्षणात सगळीकडे पोचलं, खुर्च्या जागच्या जागी.

अकरा मी उचलल्या. बाराव्या खुर्चीवर बॅग होती. मी हात घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ती राहू दे काका. टीम येतेय."