पाव्हण्याले कुलर द्या

विदर्भात भर मे महिन्यात लग्नं का काढतात, याचं उत्तर मला एका डच माणसाला द्यावं लागलं. कापूस विकून झालेला असतो, तूर घरात आलेली असते, पोरांना सुट्ट्या असतात. आणि एकदा मृग लागला की पेरणीच्या धांदलीत वरातीला नाचायला माणूस मिळत नाही. त्याला पटलं. गाडीचा एसी सुरू होता तोवर पटलं.

हा माझ्या मुलाच्या ऑफिसातला. मुलाला ऐनवेळी सुट्टी मिळाली नाही आणि दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात, हा सहा फुटी ऐवज माझ्या गळ्यात पडला. हॉलंडमध्ये पाऱ्यानं पहिल्यांदा चाळिशी ओलांडली ती जुलै २०१९ मध्ये. ४०.७ हा तिथला विक्रम. आमच्याकडे मे महिन्यात ४०.७ झालं तर म्हातारे आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, "आज गार वाटून राहिलं, कुठीतरी पानी आलं असन."

पत्रिकेत मुहूर्त होता ११ वाजून ३७ मिनिटांचा. यातली ३७ मिनिटं पंचांगासाठी असतात, माणसांसाठी नाही, हे आपल्याला आईच्या पोटातून कळतं. हा साडेअकराला मांडवात हजर! त्याच्याखेरीज तिथे एक कुत्रं होतं आणि खुर्च्या उतरवणारा एक पोट्टा. नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशीच होता आणि त्याचे मित्र डीजेपुढे असे लोळत होते की घोडीनं आशा सोडून मान खाली घातली होती.

तेवढ्यात माझ्या काकूनं त्याच्या खिशात एक कांदा कोंबला. ऊन लागू नये म्हणून. त्यांच्याकडे कच्च्या मासळीबरोबर चिरलेला कांदा खातात, त्यामुळे त्याचा समज झाला की नाश्त्याची सोय आहे. त्यानं खिशातून चाकू काढून कांदा सोलला आणि पोह्यांबरोबर संपवला. काकूनं डोळे विस्फारून दुसरा दिला. तोही गेला. तिसरा देताना मात्र ती कांद्याच्या भावाबद्दल काहीतरी पुटपुटली.

खरा घोळ कुलरनं केला. मांडवात मोठा कुलर एकच, आणि पाहुणा टोमॅटोसारखा लाल झालेला. भावानं त्याला थेट कुलरसमोर बसवलं. पाच मिनिटांत वरपक्षाकडचे फुवाजी उठले, दुपट्टा झटकला आणि जानोशाकडे, म्हणजे वऱ्हाडाच्या उतरण्याच्या जागेकडे, चालू लागले.

"काऊन जी, गोऱ्याले कुलर अन् आमाले फडफड्या पंखा? हाच काय आमचा मान?"

भाऊ हात जोडतोय, वहिनीचे डोळे भरलेत, आणि डचमन मला विचारतोय, हा कुठला विधी? मी म्हटलं, हाच सगळ्यात जुना. विधी म्हणताच तो लगबगीनं उठला आणि सगळ्यांचं बघून फुवाजींच्या पायाशी वाकला. एवढा उंच माणूस एवढा खाली येतोय म्हटल्यावर फुवाजी विरघळले. त्यांनी त्याच्यासोबत फोटो काढला, तो जागच्या जागी स्टेटसला टाकला आणि कुलरसमोरच्या खुर्चीवर स्वतः बसले. त्याला शेजारी घेतलं. पुढचे तीन तास तो 'आमच्याकडचा' पाहुणा होता.

दोन वाजता अंतरपाट धरला. मंगलाष्टकं रंगात आली आणि एक पुढारी आले, मग त्यांचं स्वागत, मग शाल, मग पुन्हा मंगलाष्टकं. शेवटचं 'सावधान' होऊन अक्षता पडल्या मात्र, आणि मांडव जो उठला तो थेट पंगतीकडे. डचमन जागचा हलेना. तो १९५५ चा हिंदू विवाह कायदा वाचून आला होता. कलम ७ नुसार सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. त्याचा प्रश्न बिनतोड होता: लग्न अजून झालेलं नसताना लोक जेवायला कसे गेले?

आता याला काय सांगणार? सप्तपदी बघायला नवरा-नवरी, फोटोग्राफर, पेंगणारी मामी आणि हा. एवढा एकाग्र श्रोता गुरुजींना उभ्या हयातीत मिळाला नसावा. ते एकेका पावलाचा अर्थ हिंदीत सांगू लागले. मी भाषांतर करत होतो आणि तिकडून आलू-वांग्याच्या भाजीचा वास येत होता. सातवं पाऊल पडल्यावर यानं एकट्यानं टाळ्या वाजवल्या. नवरी हसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

पंगतीत त्याचा संस्कार आडवा आला. ताटात टाकायचं नाही, हे त्याला घरी शिकवलेलं. आमच्याकडे रिकामी पत्रावळ म्हणजे उघडं आमंत्रण. तो संपवायचा, पोट्टे वाढायचे. त्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला. वाढप्यानं तो संकोच समजून बोटांच्या फटीतून वरण सोडलं. उठावं तर पंगत उठेपर्यंत उठता येत नाही. बुंदीच्या पाचव्या फेरीला त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड फिरवून मठ्ठा मागितला.

फुवाजी जिलेबी घेऊन समोर उकिडवे बसले. "लगन झालं काय याचं?" तो जोडीदारणीबरोबर बरीच वर्षं राहतो, लग्न नाही, असं कळल्यावर मी सांगितलं, "बोलणी सुरू आहेत."

"मंग आमाले बलावजो म्हणा."

यावर पाहुण्यानं प्रामाणिकपणे तिथली पद्धत सांगितली. काहींना विधीला बोलावतात, काहींना जेवणाला, आणि बऱ्याच जणांना नुसतं संध्याकाळच्या पार्टीला.

"म्हंजे जेवाले सगळ्याइले बलावत नाईत?"

"नाही."

"अन् आहेर?"

"तो सगळेच देतात."

फुवाजींनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग त्याचा हात बाजूला सारून दोन जिलेब्या पत्रावळीवर ठेवल्या. "खा बापा," ते म्हणाले, "इथं आलास तं खाऊन घे."